नदीपलीकडे रुग्ण अपात्र कसा ठरतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील वैद्यकीय गांजा आणि राज्याराज्यांतील त्याचे वेगवेगळे नियम यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. सांगलीत चाळीस वर्षे रुग्ण तपासलेल्या डॉक्टरांच्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून वेळ घेऊन लिहीत आहे. आपण लिहिले आहे की, ‘आजार न्यू जर्सीत एक आणि टेक्सासमध्ये दुसरा असा नसतो. सीमा ओलांडताच ज्याची पात्रता संपते ते औषध नव्हेच. हे व्यसनावर घातलेले वैद्यकीय पांघरूण आहे.’ शिवाय ‘निम्म्या अमेरिकेत गांजा उघड विकला जात असताना व्हिसावरच्या लोकांना विनाकारण घाबरवले’, असाही आपला आरोप आहे. आणि कोणत्या आजारांवर गांजा घेता येतो याची जी यादी प्रत्येक राज्य करते, तिच्यापैकी टेक्सासच्या यादीविषयी लिहिताना झालेली माझी एक चूक आपण दाखवून दिली आहे.

चूक आधी मान्य करते. टेक्सासमध्ये जुनाट वेदनेला परवानगी नाही असे मी लिहिले होते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तेथे जुनाट वेदना, क्रोन्ससारखे आतड्यांचे दाहक आजार आणि मेंदूला झालेली दुखापत यांचा समावेश झाला आहे. माझी टिपणे त्याआधीची होती आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी ती मी पुन्हा ताडून पाहायला हवी होती. रुग्णालयाच्या औषधविभागात सोळा वर्षे काम करणाऱ्या व्यक्तीकडून हे व्हायला नको होते. लेखातील तो परिच्छेद आता दुरुस्त केला आहे.

आता मुख्य मुद्दा. आजार सीमेवर बदलत नाही, हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि माझा लेख नेमका तेथूनच सुरू झाला होता. लेखातील माझी मैत्रीण न्यू जर्सीतील एडिसनला राहत होती. कमरेच्या दोन शस्त्रक्रियांनंतरही तिची वेदना गेली नाही. न्यू जर्सीने २०१८ मध्ये स्नायू आणि हाडांच्या विकारांतून येणारी जुनाट वेदना यादीत घातली, त्यामुळे ती पात्र ठरली. २०२३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासमधील डॅलसजवळ जायचे ठरले. सामान बांधण्याच्या आदल्या रात्री मी तिच्या स्वयंपाकघरात होते. ओट्यावर गमीजचे, म्हणजे गांजाच्या अर्काच्या चघळायच्या गोळ्यांचे, दोन डबे होते, एक अर्धा आणि एक न उघडलेला, दोन्हींवर तिच्या नावाचे लेबल. ते राज्याबाहेर नेणे हा फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याने गुन्हा होताच. त्यातून टेक्सासमध्ये गांजाच्या अर्काचे पदार्थ सुट्या गांजापेक्षा कडक कलमाखाली येतात, कितीही थोडे असले तरी तो गंभीर वर्गातला गुन्हा ठरतो, आणि वजन करताना त्यातली साखर आणि जिलेटीनही धरतात. आम्ही दोघींनी त्या गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीला गाठ मारली आणि कचऱ्यात टाकल्या. पुढची दोन वर्षे तिने वेदनेवरील गॅबापेन्टिन या औषधाचा वाढवलेला डोस घेतला आणि दुपारभर गुंगीत काढली. तिचा एमआरआय तोच होता, मणकेही तेच होते. राहण्याचा पत्ता तेवढा बदलला होता.

यावरून हे औषध नाही असा निष्कर्ष आपण काढता. माझा निष्कर्ष वेगळा आहे, आणि तो काढण्यापूर्वी या याद्या कोणी आणि कशा केल्या ते पाहावे, अशी माझी विनंती आहे. एरवी एखादे औषध चाचण्यांतून जाते, एफडीए ही केंद्रीय औषधसंस्था त्याला मान्यता देते आणि मग ते पन्नासही राज्यांत एकाच नियमाने मिळते. १९७० च्या फेडरल कायद्याने गांजा पहिल्या सूचीत टाकला, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या पदार्थांत, आणि त्याबरोबर तो रस्ता जवळजवळ बंद झाला. मग लोकांनी मतपेटीचा आणि विधिमंडळांचा रस्ता धरला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय गांजाला परवानगी देणारा २१५ क्रमांकाचा प्रस्ताव संमत केला. त्यात काही आजारांची नावे आहेत आणि शेवटी ‘गांजाने आराम पडतो असा अन्य कोणताही आजार’ असे शब्द आहेत. कॅलिफोर्नियात कोणालाही वैद्यकीय गांजाचे कार्ड मिळते, ही जी ख्याती आपण ऐकली आहे, तिचे मूळ या शेवटच्या शब्दांत आहे. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये आजारांची यादीच ठेवली नाही. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये मोजक्या आजारांची कडक यादी केली आणि २०२१ मध्ये ती सोडून निर्णय डॉक्टरांवर सोपवला. टेक्सासने २०१५ मध्ये उपचारांना दाद न देणाऱ्या अपस्मारापासून सुरुवात केली. तीही दोन डॉक्टरांच्या संमतीने आणि टीएचसीचे, म्हणजे गांजातील नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत असलेल्या तेलापुरती. पुढे २०१९, २०२१ आणि २०२५ असा एकेका अधिवेशनात दरवाजा थोडा थोडा उघडत गेला. म्हणून ‘पात्र’ हा शब्द येथे वैद्यकीय निदान सांगत नाही. अमुक रुग्णावर हे राज्य खटला भरणार नाही, एवढेच तो सांगतो. आपण त्याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहता हे स्वाभाविक आहे, परंतु रुग्णाला तो वकिलाच्या नजरेने वाचावा लागतो.

एका शब्दाने काय होते याचे ॲरिझोनाइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. कॅलिफोर्नियाबरोबरच, १९९६ मध्येच, ॲरिझोनाच्या मतदारांनीही आपला प्रस्ताव संमत केला. परंतु त्याच्या मसुद्यात डॉक्टरांनी गांजा ‘प्रिस्क्राइब’ करावा, म्हणजे औषध म्हणून लिहून द्यावा, असे लिहिले होते, आणि पहिल्या सूचीतील पदार्थ प्रिस्क्राइब करणारा डॉक्टर औषधे लिहून देण्याचा फेडरल परवानाच धोक्यात घालतो. कॅलिफोर्नियाच्या मसुद्यात ‘शिफारस’ होती. तेथील डॉक्टरांवर कारवाईची धमकी आली तेव्हा कोनंट खटल्यात अपील न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला की शिफारस करणे हा डॉक्टरच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियाचा कायदा चालला आणि ॲरिझोनाचा कागदावर राहिला. ॲरिझोनाच्या रुग्णांना उपयोगी पडेल असा कायदा व्हायला २०१० साल उजाडले. चौदा वर्षे, एका क्रियापदापायी. आजही बहुतेक राज्यांत डॉक्टर ‘सर्टिफिकेशन’, म्हणजे पात्रतेचे प्रमाणपत्र, देतात ते यामुळेच, आणि म्हणूनच आमच्यासारख्या औषधविभागातून किंवा नेहमीच्या फार्मसीतून हा माल मिळत नाही. तो डिस्पेन्सरीतून घ्यावा लागतो. आपल्याकडे डिस्पेन्सरी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, येथे मात्र दारावर पहारेकरी आणि ओळखपत्राची तपासणी असलेले दुकान.

याद्या पुराव्याप्रमाणे चालत नाहीत, हा आपला आक्षेपही मी नाकारत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. प्रौढांची जुनाट वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ आणि उलट्या, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात रुग्णांना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, या तीन बाबतींत त्यांना भक्कम पुरावा दिसला. म्हणजे ज्या जुनाट वेदनेला टेक्सासने २०२५ पर्यंत थांबवले, तिचा पुरावा सर्वांत बळकट असलेल्यांपैकी आहे. उलट काचबिंदू अनेक राज्यांच्या याद्यांत असतो. गांजाने डोळ्यातील दाब तीन-चार तासच कमी राहतो, म्हणजे रुग्णाला दिवसरात्र गांजा घेत राहावे लागेल. नेत्रतज्ज्ञांची अमेरिकन अकादमी त्याची शिफारस करत नाही. मग काचबिंदू यादीत आला कसा? वॉशिंग्टनचे रॉबर्ट रँडल यांना काचबिंदू होता. घरी गांजा लावल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने वैद्यकीय गरज हा त्यांचा बचाव मान्य केला. त्यानंतर केंद्र सरकारच मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतात पिकवलेला गांजा सिगारेटींच्या रूपाने डब्यांत भरून त्यांना आणि पुढे मोजक्या इतर रुग्णांना पाठवत असे. नव्या रुग्णांसाठी ही योजना १९९२ मध्ये बंद झाली. काचबिंदू हा या चळवळीचा पहिला जिंकलेला खटला होता, आणि याद्यांत तो टिकून राहण्यामागे प्रयोगशाळेपेक्षा या इतिहासाचा हात मोठा आहे, असे मला वाटते. पेनसिल्व्हेनियाने २०१९ मध्ये चिंताविकार घातला, त्याचा आधार तर याहून तोकडा आहे. काही मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर प्रमाणपत्र देणारी केंद्रे मीही पाहिली आहेत. एका केंद्राने माझ्या परिचितांना ते घेत असलेल्या रक्त पातळ करण्याच्या गोळीविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता. वॉरफरिन या तशाच गोळीबरोबर सीबीडी हा गांजातील नशा न आणणारा घटक घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे आपल्याला मी सांगायला नको. या निष्काळजीपणाचा मला आपल्याइतकाच संताप येतो.

तरीही पांघरूण हा शब्द मला पटत नाही. पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीतील कॅमडेन यांच्यामध्ये फक्त डेलावेअर नदी आहे. कॅमडेनच्या बाजूला २०२२ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरील कोणीही दुकानातून गांजा विकत घेऊ शकतो. पूल ओलांडून फिलाडेल्फियात आले की २०१६ च्या कायद्याप्रमाणे यादीतला आजार लागतो, राज्याकडे नोंदणी केलेला आणि चार तासांचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो, राज्यातील रहिवासाचा पुरावा आणि कार्ड लागते. ज्याला फक्त नशा हवी आहे, त्याने हा खटाटोप कशासाठी करावा? त्याला पूल पुरतो. या नियमांत अडकते ती चाकाच्या खुर्चीतली, नोकरी सांभाळणारी, कायदा मोडायची भीती वाटणारी व्यक्ती. न्यू जर्सीचा २०१९ चा सुधारित कायदा जेक होनिग या मुलाच्या नावाने आहे. सात वर्षांचा हा मुलगा मेंदूच्या कर्करोगाने गेला. त्या वेळी महिन्याला दोन औंसांची मर्यादा होती. आता ती तीन औंस आहे आणि अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना मर्यादाच नाही. या बदलामागे आपले दुःख घेऊन विधिमंडळात गेलेले आईवडील होते. त्या मुलाच्या बाबतीत व्यसन हा शब्द आपणही वापरणार नाही, याची मला खात्री आहे.

व्हिसाविषयी मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, खर्चाच्या विधेयकात एक कलम घालत आली आहे, ज्यामुळे राज्यांच्या वैद्यकीय गांजाच्या योजनांत अडथळा आणण्यासाठी न्याय खात्याला पैसा वापरता येत नाही. हे बंधन न्याय खात्यावर आहे; व्हिसा, ग्रीनकार्ड आणि नागरिकत्व पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. परदेशी नागरिकाने अधिकाऱ्यासमोर नियंत्रित पदार्थाविषयीचा गुन्हा कबूल केला, तर शिक्षा झालेली नसतानाही त्याचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगले चारित्र्य’ पाहताना राज्याच्या कायद्याने चालणारा गांजाही आड येतो, हे इमिग्रेशन खात्याने २०१९ च्या एप्रिलमध्ये लेखी स्पष्ट केले. गांजा पहिल्या सूचीतून खालच्या सूचीत गेला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेला आपल्याकडचा एखादा मुलगा सहकाऱ्यांबरोबर दुकानात जातो आणि त्याच खरेदीची पावती फोनमध्ये ठेवून विमानतळावर उतरतो. सहकारी नागरिक आहेत, तो नाही. त्याला हे कोणीतरी मराठीत सांगायलाच हवे होते. आणि उरलेला माल सुटकेसमध्ये टाकून मुंबईला उतरणाऱ्यापुढे अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा उभा असतो. न्यू जर्सीचे कार्ड तेथे कोणी विचारात घेणार नाही.

प्रतिक्रियेच्या शेवटच्या ओळीत आपण आपल्या भगिनींविषयी विचारले आहे. त्यांना पार्किन्सन आहे, आणि पर्यटक व्हिसावर त्या दरवर्षी पाच महिने फ्लोरिडात मुलाकडे असतात. फ्लोरिडाच्या यादीत पार्किन्सन नावानिशी आहे. कायमचे रहिवासी नसलेल्यांसाठी ‘हंगामी रहिवासी’ अशीही तरतूद आहे. वर्षात सलग किमान एकतीस दिवस तेथे वास्तव्य आणि त्याचे कागद लागतात. ती मुख्यतः थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या अमेरिकन वृद्धांना डोळ्यासमोर ठेवून केलेली दिसते. आपल्या भगिनींचे कागद तिच्यात बसले असे धरून चालले तरी माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. कार्ड काढणे म्हणजे फेडरल कायद्याने जे निषिद्ध आहे ते आपण घेतो, असे स्वतः लिहून देणे. पुढच्या वर्षी मायामीला उतरताना अधिकाऱ्याने औषधांची चौकशी केली, तर खरे बोलून व्हिसा घालवायचा की खोटे बोलून त्याहून मोठा दोष ओढवून घ्यायचा, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहील. शिवाय पार्किन्सनमध्ये गांजाचा फायदा पुराव्याने ठरलेला नाही, आणि उभे राहताना रक्तदाब उतरून पडण्याचा धोका त्यांना आधीच असणार, तो वाढेल. त्यांना रात्री झोप लागत नाही आणि पाय आखडतात असे आपण लिहिले आहे. लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाचा संध्याकाळचा डोस किती वाजता होतो आणि पाय किती वाजता आखडतात, याची आठवडाभराची नोंद त्यांच्या मुलाने ठेवावी आणि ती सांगलीतील त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना पाठवावी. नोंदीचा तक्ता हवा असेल तर कळवा, मी करून पाठवते.

आपली नम्र