ला मासियासाठी मुलाचा शाळेचा दाखला काढू नका

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये सध्या बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या युवा अकादमीविषयी एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ला मासियात मुलांना शाळा नसते, दिवसभर फक्त फुटबॉल असतो आणि म्हणूनच तिथे मेस्सी घडला, मेस्सी तेराव्या वर्षी घर सोडून तिथे गेला, तसे आपल्या मुलांनाही एजंटामार्फत शुल्क भरून युरोपातल्या क्लबमध्ये पाठवता येते, तिथे प्रवेश मिळालेला जवळजवळ प्रत्येक मुलगा व्यावसायिक खेळाडू होतो, नवव्या वर्षापर्यंत निवड झाली नाही तर पुढे काही होत नाही, आणि उंची कमी असेल तर मेस्सीप्रमाणे इंजेक्शने देऊन ती वाढवता येते. शेवटी पालकांना आवाहन आहे की धाडस करा, मुलाला शाळेच्या जोखडातून सोडवा.

हा मजकूर कोल्हापुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पोहोचला आणि सातवीत शिकणाऱ्या भाच्याचा दाखला काढावा का, यावर तिथे गंभीर चर्चा सुरू झाली. भाचा चांगला खेळतो, पेठेतल्या मोठ्या मुलांबरोबर खेळतानाही बिचकत नाही, आणि ताई व दाजी दोघेही त्याच्यासाठी पोटाला चिमटा घेण्यास तयार आहेत. अशा घरांत हा मजकूर किती सहज शिरतो हे पाहिल्यामुळे मला आलेला राग या लेखात दिसेल, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

सर्वांत आधी शाळेचा मुद्दा, कारण तो धडधडीत खोटा आहे. ला मासिया हे मुळात एका जुन्या शेतघराचे नाव. 1702 मध्ये बांधलेले हे दगडी घर बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानाशेजारी आहे आणि 1979 मध्ये क्लबने तिथे बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. 2011 मध्ये ते वसतिगृह सांत जोआन देस्पी येथील क्लबच्या क्रीडासंकुलातल्या नव्या इमारतीत गेले. म्हणजे ही जागा सुरुवातीपासून मुलांच्या राहण्याची आहे, आणि तिथली मुले सकाळी शाळेत जातात व शाळा सुटल्यावर सराव करतात. अकादमीतल्या बहुसंख्य मुलांना वसतिगृहाची गरजही नसते, कारण ती बार्सिलोना आणि आसपासच्या गावांतली असतात आणि रात्री आपल्या घरी झोपतात. स्पेनमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे आहे, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाची शाळा बंद करून त्याला दिवसभर मैदानावर ठेवणे हे कोणत्याही स्पॅनिश क्लबला कायद्यानेच शक्य नाही.

याला ताजा आणि सर्वांना माहीत असलेला पुरावा लामिन यामालचा आहे. 13 जुलै 2007 रोजी जन्मलेला हा मुलगा मातारो शहरातल्या रोकाफोंदा या श्रमिकांच्या वस्तीत वाढला, सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत आला आणि 29 एप्रिल 2023 रोजी, सोळाही पूर्ण झालेले नसताना, क्लबच्या मुख्य संघातून खेळला. 2024 च्या उन्हाळ्यात तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाबरोबर युरो स्पर्धेसाठी जर्मनीत होता आणि त्याच वेळी सक्तीच्या माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास पूर्ण करत होता. संघाच्या मुक्कामात तो गृहपाठ करत असल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या आणि स्पर्धा चालू असतानाच तो उत्तीर्ण झाला. सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, 14 जुलै रोजी, तो अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध खेळला आणि स्पेनने 2-1 असा विजय मिळवला. युरोपचा विजेता होणाऱ्या मुलाची शाळा सुटली नाही. मग सातवीतल्या मुलाने ती कशासाठी सोडायची, याचे उत्तर त्या मजकुराच्या लेखकाने द्यावे.

दुसरा दावा अधिक घातक आहे, कारण त्यात पैसे जातात आणि मुलाची वर्षेही जातात. शुल्क भरून एजंटामार्फत बारा-तेरा वर्षांच्या भारतीय मुलाला युरोपातल्या क्लबमध्ये दाखल करता येते, असे तो मजकूर सांगतो. जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, खेळाडूंचा दर्जा व हस्तांतरण यांविषयीच्या नियमावलीतील कलम 19 प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतरण करता येणार नाही, असा तिथे सरळ नियम आहे. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, सोळा ते अठरा वयाच्या मुलाचे हस्तांतरण युरोपीय संघाच्या वा युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतच होत असेल तर, आणि तेव्हाही नव्या क्लबने शिक्षण व निवास यांची हमी दिलेली असेल तर, मुलाचे घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून 50 किलोमीटरच्या आत असतील तर, याशिवाय निर्वासित मुले आणि विद्यार्थी विनिमय योजनेतून ठरावीक काळासाठी गेलेली मुले यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. दहा वर्षांवरील मुलाला परदेशी क्लबकडून नोंदणीकृत सामने खेळायचे तर आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागते, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत त्याआधी फिफाची परवानगी घ्यावी लागते. कोल्हापूरच्या बारा वर्षांच्या मुलाला, ज्याचे आईवडील कोल्हापुरातच राहणार आहेत, यातली कोणती पळवाट लागू होते? एकही नाही.

नियम कागदावरच असतात, मोठे क्लब त्यातून वाट काढतातच, असे दाजींनी मला ऐकवले. म्हणून बार्सिलोनाचेच उदाहरण देतो. 2009 ते 2013 या काळात परदेशी अल्पवयीन मुलांना नियमबाह्य पद्धतीने नोंदवल्याबद्दल फिफाने एप्रिल 2014 मध्ये या क्लबवर दोन हस्तांतरण काळांत नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घातली आणि साडेचार लाख स्विस फ्रँक दंड केला. प्रकरण दहा मुलांचे होते. क्लबने अपील केले, ते फेटाळले गेले. क्रीडा लवादाकडे धाव घेतली, तिथेही 30 डिसेंबर 2014 रोजी निकाल विरोधात गेला, आणि 2015 मध्ये ही बंदी क्लबला भोगावी लागली. 2016 मध्ये रेआल माद्रिद आणि आत्लेतिको माद्रिद यांच्यावर आणि 2019 मध्ये चेल्सीवर अल्पवयीन खेळाडूंच्याच प्रश्नावर कारवाई झाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांना आणि त्यांच्या वकिलांना जे निभावता आले नाही, ते एक अनोळखी एजंट शुल्क घेऊन निभावून नेईल, यावर विश्वास ठेवायचा का?

क्लबने बंदी सोसली आणि तो पुढे गेला. मुलांचे काय झाले हे त्या मजकुरात अर्थातच नाही. दक्षिण कोरियाचे ली सुंग-वू आणि पाइक सुंग-हो हे ला मासियातले गाजलेले खेळाडू होते. फिफाच्या कारवाईनंतर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांना क्लबसाठी अधिकृत सामने खेळता आले नाहीत. सामने खेळूनच खेळाडू घडतो त्या वयात ते केवळ सराव करत राहिले. दोघेही बार्सिलोनाच्या मुख्य संघातून ला लीगाचा, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा, एकही सामना न खेळता 2017 मध्ये क्लब सोडून गेले. जपानचा ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी बार्सिलोनात आला होता. याच कारवाईच्या फेऱ्यात सापडून 2015 मध्ये त्याला जपानला परतावे लागले, आणि पुन्हा स्पेनमध्ये तो 2019 मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर, आला. ही सर्व मुले असामान्य गुणवत्तेची होती आणि त्यांना क्लबनेच निवडून नेले होते. शुल्क भरून जाणाऱ्या मुलाची स्थिती याहून बरी असण्याचे काही कारण दिसत नाही.

मेस्सीचे उदाहरण या मुद्द्याला लागूच होत नाही. तो फेब्रुवारी 2001 मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओहून बार्सिलोनाला आला, तेव्हा अल्पवयीनांच्या संरक्षणाचे हे नियम अस्तित्वात नव्हते. ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागू झाले. शिवाय तो एकटा गेला नाही, सगळे कुटुंब त्याच्याबरोबर गेले, आणि आई व भावंडे मायदेशी परतल्यावरही वडील त्याच्यापाशी राहिले. एवढे असूनही त्याच्या जुन्या क्लबशी कागदपत्रांचा वाद झाल्यामुळे सुरुवातीच्या काळात त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लहान वयात घर सोडणारी मुले ला मासियात होती आणि आजही आहेत. आंद्रेस इनिएस्ता 1996 मध्ये, बाराव्या वर्षी, फुएन्तेआल्बिया या आपल्या लहानशा गावातून तिथे राहायला आला आणि पुढे जगातला एक श्रेष्ठ मध्यरक्षक झाला. परंतु तो आपल्याच देशातल्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आला होता, त्याला क्लबने निवडले होते, खर्च क्लबचा होता, आणि इतके असूनही सुरुवातीच्या महिन्यांत आपण फार रडलो हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. ला मासियात निवड झालेल्या मुलाच्या पालकांकडून प्रवेशाचे शुल्क घेतले जात नाही, हेही इथे नोंदवून ठेवावे. बार्सिलोनाचे नाव लावून जगभर चालणाऱ्या सशुल्क फुटबॉल शाळा आहेत, भारतातही त्या चालल्या आहेत, आणि तिथे मुलांना चांगले शिकायलाही मिळते. पण ती ला मासिया नाही आणि तिथून ला मासियात जाण्याचा राखीव रस्ताही नाही.

प्रवेश मिळाला की कारकीर्द नक्की, हा दावा साध्या हिशोबावर टिकत नाही. अकादमीत प्रेबेंजामिन या सर्वांत लहान मुलांच्या गटापासून जुवेनिल या मोठ्या मुलांच्या गटापर्यंत वयोगटांचे संघ आहेत, त्यांच्यावर बार्सा आत्लेतिक हा राखीव संघ आहे, आणि सर्वांत वर सुमारे पंचवीस जणांचा मुख्य संघ आहे, ज्यात विकत घेतलेले खेळाडूही असतात. दर हंगामाच्या शेवटी प्रत्येक गटातून काही मुलांना निरोप दिला जातो आणि त्यांच्या जागी नवी मुले येतात. मजकुरात 25 नोव्हेंबर 2012 चा लेवान्तेविरुद्धचा सामना दिला आहे, ज्यात दानी आल्वेस जखमी होऊन मार्तीन मोन्तोया मैदानात आल्यावर बार्सिलोनाचे अकराही खेळाडू अकादमीत घडलेले होते. ही माहिती खरी आहे. पण ते अकरा जण अनेक वर्षांच्या भरतीतून उरलेले होते. त्यांच्याबरोबर सुरुवात केलेल्या आणि वाटेत गळालेल्या मुलांची यादी कुणी सामन्याच्या दिवशी वाचून दाखवत नाही. ज्यांची गळती होते त्यांच्या हातात शाळेचे शिक्षण असते, म्हणूनच क्लब ते सोडू देत नाही.

नवव्या वर्षाची अट तर कुठून आली हे कळत नाही. पुढे स्पेनकडून खेळलेल्या जॉर्दी आल्बाला बार्सिलोनाच्या अकादमीने 2005 मध्ये शरीराने लहान म्हणून सोडून दिले. तो कॉर्नेया आणि व्हॅलेन्सिया या क्लबांतून फिरून 2012 मध्ये त्याच क्लबमध्ये परतला. हॅरी केनला आर्सेनलने आठ-नऊ वर्षांचा असताना नाकारले आणि आज तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. फेर्मिन लोपेझ ला मासियातलाच, पण 2022-23 चा हंगाम त्याला लिनारेस या तिसऱ्या स्तरावरच्या क्लबकडून उसनवारीवर खेळावा लागला. 2024 मध्ये त्याने पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. लहान वयातली निवड चुकते याचे एक कारण प्रशिक्षकांना चांगले ठाऊक आहे: वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जात असेल, तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले डिसेंबरात जन्मलेल्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात, म्हणून जास्त धिप्पाड दिसतात आणि निवडली जातात. तो फरक पुढे भरून निघतो.

इंजेक्शनांबद्दल दोनच वाक्ये. मेस्सीला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचे वैद्यकीय निदान रोसारिओतच झाले होते, तो त्या आजारावरचा उपचार होता, आणि उपचारानंतरही त्याची उंची 1.70 मीटरच आहे. निदान नसताना असे संप्रेरक मुलाला देणे शरीराला घातक आहे आणि ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतही आहे.

कोल्हापूरच्या मुलापुढे मार्गच नाही, असे मात्र नाही. अनिकेत जाधव हा आपल्याच कोल्हापूरचा मुलगा. तो शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत गेला, जिथे निवास, शाळा आणि सराव एकत्र असतात. पुढे पुणे एफसीच्या अकादमीतून गेला आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये सरावासाठी तो त्यानंतर, अठरा पूर्ण झाल्यावर, गेला.

आता राहिला तो एजंट. फिफाच्या 2023 पासूनच्या नियमांनुसार, अल्पवयीन खेळाडूला तो ज्या देशात खेळणार तिथे पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत परवानाधारक एजंटालाही त्याच्याशी वा त्याच्या पालकांशी संपर्क साधता येत नाही, आणि त्यानंतरही पालकांची लेखी संमती आधी लागते. बारा वर्षांच्या मुलाच्या घरी येऊन शुल्क मागणारा माणूस याच नियमाचा भंग करतो आहे. त्याच्याकडे फिफाच्या परवान्याचा क्रमांक मागा, मुलाला बोलावणारे पत्र क्लबच्या नावाने कुणी काढले ते विचारा आणि त्या क्लबला स्वतः लिहून खात्री करून घ्या, आणि कलम 19 मधल्या कोणत्या अपवादाखाली नोंदणी होणार हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. ही उत्तरे हातात येईपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नका आणि शाळेत दाखल्याचा अर्जही करू नका.