यादी पटलावर ठेवा

दुपारी डबा उघडला आणि मोबाईलवर सभागृहातली दोन मिनिटांची एक क्लिप आली. दुष्काळी भागातले एक लोकप्रतिनिधी उभे होते. कुठलं सभागृह, कुठला पक्ष हे लिहीत नाही, नाहीतर खाली सगळं भांडण त्यावरच होईल. टँकरवर असलेल्या गावांची नावं ते वाचत होते. पाच-सहा गावं झाली असतील नसतील, तेवढ्यात वरून आवाज आला, "सन्माननीय सदस्य, यादी पटलावर ठेवा." म्हणजे वाचू नका, कागद नुसता नोंदीला द्या. त्यांनी आणखी दोन नावं घाईघाईनं उरकली, कागद पुढे केला आणि खाली बसले. मागची बाकं रिकामी होती.

माझा घास घशाखाली उतरेना. त्याहून जास्त राग आला खालच्या प्रतिक्रिया वाचून. "हे काय सभागृहात बोलायचे विषय आहेत का?" "हे झेडपीचं काम." "नळाचं रडगाणं गायला निवडून दिलंय का?" एकानं तर त्यांच्या बोलण्याची नक्कल करत नुसतं "पानी पानी पानी" लिहून ठेवलं होतं. त्याला तीनशे हसरे चेहरे.

मी सांगोला तालुक्यातली आहे. २००३ च्या उन्हाळ्यात मी नववीची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि दादासाठी स्थळ आलं होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येणार म्हणून आईनं दोन दिवस आधीपासून पाणी राखून ठेवलं होतं. साबण बंद. आंघोळ बाजेवर बसून करायची, बाजेखाली घमेलं, त्यात साठलेलं पाणी शेरडांना. पाहुणे माळशिरसकडचे, नीरेच्या कॅनॉलवर ऊस असलेले. मुलीचे वडील आले, घोंगडीवर टेकले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि "जरा हिंडून येतो" म्हणून उठले. थेट घरामागच्या विहिरीवर गेले. मी गोठ्याच्या कुडाआड उभी होते. ते काठावर ओणवे झाले आणि बराच वेळ आत बघत राहिले. विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं. तळाला भेगाळलेला गाळ आणि कुणाची तरी पडलेली प्लॅस्टिकची घागर.

परत आल्यावर ते बसले नाहीत. आईनं पोह्यांच्या बशा बाहेर आणल्या होत्या. ते माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय तुमचं. पर हितं पोरगी द्यायला जीव हुईना." अण्णा म्हणाले, "पावनं, च्या तरी घ्या." त्यांनी चहा घेतला नाही. आईनं बशा आत नेल्या.

आता मला सांगा, हा विषय झेडपीचा आहे? माझ्या भावाचं लग्न त्यानंतर आठ वर्षं झालं नाही, हा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतला प्रश्न आहे?

आमच्या भागात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. जिथं कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी वीज करण्यासाठी डोंगराच्या पलीकडे, कोकणच्या बाजूला उतरवायचं. वीज लागते, मला मान्य आहे, हा मजकूरही मी त्या विजेवरच लिहिते आहे. पण कुठलं पाणी कुठं वळवायचं हे सरपंच ठरवत नाही. ते ठरतं वर. मग त्यावरचं गाऱ्हाणं वर नाही मांडायचं तर कुठं मांडायचं? मारुतीच्या पारावर?

आमच्याकडे विधानसभा म्हटलं की एकच माणूस डोळ्यासमोर येतो. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब. १९६२ साली पहिल्यांदा निवडून गेले. १९७२ ला आणि १९९५ ला पडले, बाकी एकूण अकरा वेळा निवडून आले, शेवटची निवडणूक २०१४ ची. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून त्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पुढे पाठवलेत. फोटो पाठवायला सोपा आहे. पण तो माणूस पन्नासएक वर्षं त्या सभागृहात काय बोलत होता, हे कितीजणांनी वाचलं? पाणी. दुष्काळ. रोजगार हमी. पुन्हा पाणी. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या, नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं, तेरा दुष्काळी तालुक्यांच्या. त्यात आबासाहेब होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलवर भाकरी बांधून तिथं जायचे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून माणदेशात, म्हणजे आमच्या भागात आणायचं, असं कुणी म्हणालं की लोक हसायचे, असं अण्णा सांगतात. १९९६ साली टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. आज ते पाणी येतं.

हो, माहीत आहे. पन्नास वर्षं एकच आमदार आणि तरी २००३ ला आमची विहीर कोरडी, हे तुम्ही म्हणणार. म्हणा. उशीर झाला, फार उशीर झाला. बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते, आणि विरोधी बाकांवरच्या माणसाच्या हातात बोलणं हेच हत्यार असतं. तेच हत्यार त्यांनी घासून घासून वापरलं.

आणि ते वापरताना समोरून काय येतं ते बघा. अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरांची यादी कधी उघडून वाचा. अमुक गावात पंधरा दिवसांनी पाणी येते, हे खरे आहे काय? उत्तर : अंशतः खरे आहे. असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तर : प्रश्न उद्भवत नाही. ही छापील भाषा वाचताना मला दरवेळी तो काठावर ओणवा झालेला माणूस आठवतो. त्यानं "अंशतः" म्हटलं नाही. बघितलं आणि जे होतं ते तोंडावर सांगितलं.

लहानपणी मला त्यांचा फार राग यायचा. आई त्या रात्री जेवली नाही, त्याचा राग. आता माझीच मुलगी दहा वर्षांची आहे, आणि लिहायला जड जातंय, पण त्यांचं चुकलं नव्हतं. मीही डोकावले असते.

ऑफिसात मी सांगोल्याची म्हटलं की लोक "काय झाडी, काय डोंगार" म्हणतात. २०२२ ला आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा तो फोन गाजला, तेव्हापासून हे असंच. हसतात. एकानं मध्यंतरी मला ऐकवलं, "तुमच्याकडचे लोक ऊस लावतात, डाळिंबाला बोअर मारतात आणि मग पाण्याच्या नावानं ओरडतात, टॅक्स आम्ही भरतो." ऊस जास्त झालाय, सोलापूर जिल्ह्यात कारखाने नको तितके झालेत, ठीक आहे, हा मुद्दा खरा आहे. पण टॅक्सचं म्हणशील, तर आपल्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली कशासाठी सुरू झाला ते आधी वाच. रोजगार हमीसाठी. आणि रोजगार हमी कुठून आली? वि. स. पागे यांच्याकडून, विधान परिषदेचे सभापती, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून माझ्या आजीनं चार पोरं जगवली. पुढे १९७७ ला महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला आणि २००५ ला देशानं. तेव्हा कुणी पाग्यांना "हा तुमच्या तालुक्याचा विषय, यादी पटलावर ठेवा" म्हटलं असतं तर?

शहराला माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष. जलजीवन मिशनमध्ये खेड्याला ५५. टँकर लागला की २०. आम्ही पुण्यात टाकी ओसंडली की वॉचमनला हाका मारतो. आमच्या सोसायटीतही एप्रिलमध्ये टँकर येतात, नाही असं नाही. पण टँकर आला म्हणून इथं कुणी मुलगी द्यायची थांबत नाही. हेच मिशन, "हर घर जल", १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ ला पूर्ण होणार होतं, आता मुदत २०२८. नळ बसलेत. आमच्या दारातही आहे. त्याला आठवड्यातून एकदा पाणी येतं. कुणीतरी उठून विचारलंच पाहिजे ना, की बाबांनो, नळ मोजलेत, पाणी कधी मोजणार?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मघाशी दादाला फोन केला. त्याचं लग्न शेवटी २०११ ला झालं. वहिनी जत तालुक्यातली. तिच्या वडिलांनी विहिरीत डोकावलं नाही, कारण त्यांच्याकडे तसंच होतं सगळं. आता टेंभूचं पाणी माण नदीत सोडलं की आमच्या त्याच विहिरीला पाझर लागतो. दादा म्हणाला, सध्या दोन परस, म्हणजे दोन माणूस खोल पाणी आहे. मी त्याला क्लिप पाठवली. त्यानं ती तीनदा बघितली म्हणे. मग विचारलं, "पुढची गावं कुठली हुती गं? वाचूच दिली न्हाईत."

म्हणून एक करा. ज्यांच्या गावात आज टँकर चालू आहे किंवा नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा. तालुका लिहा. खेपा किती मंजूर आणि प्रत्यक्षात किती येतात तेही लिहा. विधानसभा असो नाहीतर लोकसभा, तुमच्या भागाच्या प्रतिनिधीकडे ही नावं मी स्वतः पाठवणार आहे, आणि ती वाचून दाखवा म्हणणार आहे, पटलावर ठेवू नका. शहरातल्या मित्रांनी कृपा करून आज सल्ले देऊ नयेत, नुसती नावं वाचावीत.

फोन ठेवता ठेवता मागून आई ओरडली, "नुस्तं गावाचं नाव लिहू नगं, वाडीचं बी लिही. वाडीला टँकर येगळा लागतो."