‘कुणालाही जमेल असं काम’

परवा रात्री पावणेबाराला भाचीचा मेसेज आला. “मावशी, डोळे मिटले तरी टायमर वाजतोय. तुलापण असं व्हायचं का?” बर्गरच्या एका साखळीत तिची ती तिसरीच शिफ्ट. मी मेसेज न करता सरळ फोन लावला. हो गं, व्हायचं. ते काम सोडून मला चौदा वर्षं झाली, पण कुणाच्या घरी मायक्रोवेव्ह तसा वाजला की माझा उजवा हात अजून वर जातो, तेलातली बास्केट उचलायला.

तिच्या या नोकरीबद्दल घरात जे बोललं गेलं त्यावरून आज लिहायला बसले आहे. “शिक्षण होईपर्यंत करू दे की, कुणालाही जमेल असं काम आहे.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हे वाक्य मी दोन वर्षं फ्रायरसमोर उभी राहून ऐकलंय. गिऱ्हाइकांकडून ऐकलं, शिफ्ट मॅनेजरकडून ऐकलं, आणि दर महिन्याला पगारातही तेच वाचलं.

हे वाक्य आलं कुठून, हे मला फार उशिरा कळलं. १९४८ साली रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या दोघा भावांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं चांगलं चाललेलं रेस्टॉरंट काही महिने बंद ठेवलं आणि आतलं सगळं बदललं. पंचवीसेक पदार्थांचा मेनू नऊवर आणला. प्लेटा, काटे, सुऱ्या गेल्या, कागद आला. गाडीपाशी जाऊन ऑर्डर घेणाऱ्या मुलींना कामावरून काढलं. हॅम्बर्गर १५ सेंटला विकायला सुरुवात केली. पुढे नवी इमारत बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघर आखलं, त्यात माणसांना कामाची रंगीत तालीम करायला लावली आणि कुणाची पावलं कुठे अडतात ते बघून रेघा पुसल्या, परत आखल्या. एकाने पॅटी भाजायची, एकाने बन तयार करायचे, एकाने फक्त फ्राईज बघायच्या. शिकलेल्या स्वयंपाक्याची गरजच उरली नाही.

विलक्षण हुशारीचं काम होतं ते, मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्यात मालकाची सोय अशी की उद्या एक माणूस गेला तर दुसरा तिथे उभा करता येतो. ‘कुणालाही उभं करता येतं’ याचं बोलता बोलता ‘कुणालाही जमतं’ झालं, आणि पगार त्या दुसऱ्या वाक्यावर ठरायला लागला. उभं राहणं आणि जमणं यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते पहिल्या रशमध्ये कळतं.

दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं डोळ्यांसमोर आणा. तळलेल्या फ्राईज आमच्याकडे सात मिनिटं ठेवता यायच्या, नंतर फेकायच्या. लवकर तळल्या तर फेकाव्या लागतात आणि वरून बोलणी बसतात, उशिरा तळल्या तर रांग दारापर्यंत जाते. तेव्हा आत्ता किती बास्केटा टाकायच्या? हे कुठल्याच ट्रेनिंगच्या व्हिडिओत सांगत नाहीत. माझ्यासोबत एक ताई होत्या, माझ्या आधीपासून तिथे चार वर्षं. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या दाराच्या आवाजावरून ठरवायच्या. दार धरून ठेवल्यासारखं सावकाश बंद झालं की कुटुंब आलंय, मुलं आहेत, दोन जास्तीच्या टाक. मी दोन वर्षांत त्यांच्या निम्म्यानेही शिकले नाही. त्यांचा पगार माझ्यापेक्षा किती जास्त होता ते सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

ही ताईंची गोष्ट मी घरात सांगितली तेव्हा एकाने विचारलं, “पण चुकलं तर काय होतं? फ्राईज थंड होतात, एवढंच ना?” नाही, एवढंच नाही. १९९३ साली अमेरिकेत एका साखळीचे बर्गर खाऊन सातशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. पॅटी आतून पुरेशी शिजली नव्हती आणि त्यात ई. कोलाय हा जीवाणू जिवंत राहिला होता. दोष एकट्या ग्रिलवरच्या माणसाचा नव्हता, शिजवायचं तापमान कंपनी ठरवते. पण त्या तापमानाला रोज, प्रत्येक खेपेला, गर्दी कितीही असली तरी पोचायचं काम त्याच्याच हातात असतं. रांगेतला माणूस घड्याळ दाखवतोय, स्क्रीनवरचे सेकंद लाल झालेत, आणि तरी थर्मामीटर लावून थांबायचं. त्या थांबण्यावर आपण सगळे विश्वास टाकून खातो.

आणि क्लोजिंग. हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण ते कुणाला दिसत नाही. शटर अर्धं खाली आलं की खरं तर दुसरी शिफ्ट सुरू होते. तळताना तेल साधारण १७५ अंशांवर असतं. ते जरा उतरू द्यायचं, मग गाळायचं, तळाशी साठलेला काळा चुरा खरवडून काढायचा, हीटिंगच्या नळ्यांच्या मागे हात घालून घासायचं. हातमोजे असतात, पण मनगट आणि कोपर यांच्यामधली जागा उघडी राहते. माझ्या डाव्या हातावर तिथे अजून तीन डाग आहेत. फरशीवर चरबीचा थर असतो, त्यावर गरम पाणी पडलं की ती बर्फासारखी होते. (भाचीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी कशावर नको पण न घसरणाऱ्या बुटांवर पैसे घाल.) शेवटी कचरा बाहेर, हिशेब, दिवे. घरी पोचेपर्यंत एक. केसांना तेलाचा वास, तो एका धुण्यात जात नाही.

यानंतर सकाळी सहाला ओपनिंगला तुम्हीच. मला हे महिन्यातून चार-पाच वेळा असायचं आणि मी त्याला नशीब समजायचे. मग वाचनात आलं की न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फास्ट फूडच्या कामगारांसाठी कायदाच आहे. रोस्टर, म्हणजे कुणाची शिफ्ट कधी याचा तक्ता, १४ दिवस आधी हातात द्यायचा. रात्री बंद करून सकाळी उघडायला बोलवायचं आणि मध्ये ११ तास मिळत नसतील तर कामगाराची लेखी संमती हवी, वर १०० डॉलर वेगळे. ते वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. म्हणजे याला नाव होतं, याची किंमत ठरवता येत होती, आणि कुणीतरी ती ठरवून घेतली होती.

ते आपोआप झालेलं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमधले सुमारे २०० कामगार ताशी १५ डॉलर आणि युनियनचा हक्क मागत काम सोडून रस्त्यावर आले, तेव्हा तो आकडा ऐकून लोक हसले होते. कॅलिफोर्नियात मोठ्या साखळ्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून २० डॉलर लागू झाले. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये, कामाच्या तासांची कसलीही हमी न देता माणसाला बांधून ठेवणारे करार बंद झाले, त्यामागेही फास्ट फूडच्याच मुलामुलींची युनियन होती. डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, युनियनच्या करारानेच तिथे या कामाला बरा पगार मिळतो. बर्गर सगळीकडे तोच, तेवढ्याच सेकंदात हातात येतो.

तुम्ही म्हणाल, मग खायचं बंद करायचं का? मी खाते. महिन्यातून एक-दोनदा, आवडीने. मीठ फार असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते आणि मोठा बर्गर, मोठ्या फ्राईज घेतल्या की त्यातलं निम्मं सहज संपतं, म्हणून रोज खाऊ नये. याहून जास्त त्यावर मला बोलायचं नाही. त्या जागांबद्दल मात्र बोलायचंय. पदार्थांचे भाव भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात, म्हणून खिशात मोजके पैसे असलेला माणूस तिथे न लाजता आत येतो. कपड्यांकडे कुणी बघत नाही. एक कॉफी घेऊन तीन तास अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. रोज चार वाजता एक आजी यायच्या, सगळ्यात लहान फ्राईज घ्यायच्या आणि खिडकीपाशी बसायच्या. आमच्या ताई त्यांच्यासाठी मीठ न घातलेली बास्केट वेगळी काढायच्या. ऑर्डर स्क्रीनवर तसलं काही उमटत नसे.

म्हणून तिथे गेल्यावर मी आता काही गोष्टी मुद्दाम पाळते. बंद व्हायच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तळलेलं काही मागत नाही, कारण तेव्हा फ्रायर गाळायला घेतलेला असतो. उशीर झाला म्हणून काउंटरवरच्या मुलाला बोलत नाही, त्या वेळी किती माणसं कामावर ठेवायची हे तो ठरवत नाही. आणि ‘कुणालाही जमेल’ हे वाक्य कानावर पडलं की गप्प बसत नाही, मग ते घरातलं कुणी का बोललेलं असेना.

भाचीने आज सकाळी पुढच्या आठवड्याच्या रोस्टरचा फोटो पाठवलाय. शुक्रवारी क्लोजिंग, शनिवारी सहाला ओपनिंग. तिला वाटतंय नवीन आहे म्हणून काही बोलू नये. संध्याकाळी ती घरी येतेय, मॅनेजरशी काय आणि कसं बोलायचं ते आम्ही दोघी बसून ठरवणार आहोत.