गाडीची वाट बघण्याचे पैसे

वाळूजच्या कारखान्यातून धाकट्या भावाचा फोन आला की सध्या एकच विषय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे ९ तास १२ करायला मान्यता दिली, आठवड्याचे ४८ तेवढेच ठेवून. "दादा, साहेब म्हणतो चार दिवस राबा, तीन दिवस घरी बसा. तुला पटतं का?" नाही पटत. बारा तास मशीनपुढं उभं राहिलेल्या माणसाची सुट्टी झोपेतच जाते. तरी त्याचे तास कुणीतरी मोजतं. बीडमधल्या धारूरकडचं आमचं बाकी घर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. त्यांच्या तासांबद्दल एवढ्या चर्चेत चकार शब्द नाही.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळ शेतमजुरांचे पगार काढतो. बेदाण्याची द्राक्षं तोडणाऱ्याला इथंही ट्रेमागं पैसे मिळतात, आपल्याकडं उसाच्या टनावर मिळतात तसेच. पण २०१६ पासून इथल्या कायद्यानं अशा मजुराच्या विश्रांतीचे आणि काम नसताना थांबवून ठेवलेल्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. पगाराच्या पावतीवर त्याची वेगळी ओळ असते. ती ओळ पहिल्यांदा भरली तेव्हा आई आठवली. दिवसभर तोड, मोळ्या बांधून झाल्या की ऊस न्यायच्या गाडीची वाट. रात्री दोनला आली तर दोनला भरणी. त्या वाट बघण्याचा छदाम नाही, आणि तापानं पडून राहिलं तर खाडा, वर दंड. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. चांगलंच झालं, पण वाट बघण्याचा दर शून्याचा शून्यच राहिला.

इथं स्वर्ग आहे असं नाही. कागद नसलेला मेक्सिकन मजूर तक्रार करायला घाबरतो, आणि इथला ठेकेदार म्हणजे आपल्या मुकादमाचा चुलतभाऊच. आठ तासांपुढं दीडपट मजुरी द्यावी लागू नये म्हणून मालक माणसाला लवकर घरी पाठवतात. अमेरिकेच्या १९३८ च्या देशभरच्या कायद्यानं तर शेतमजुराला ओव्हरटाइममधून वगळलं, ते आजही तसंच आहे. टेक्सासात किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलीय. कॅलिफोर्नियानं ती २०२५ मध्ये साडेसोळावर नेली. म्हणजे राज्याच्या मनात आलं तर होतं. मग मुंबईत बसून फक्त तास वाढवायचंच का सुचावं?

उसाची गाडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किती वाजता आली, हे पावतीवर येतं. ती फडात किती वाजता आली आणि मोळ्या कधीपासून बांधून पडल्या होत्या, एवढंच त्याच पावतीवर लिहायला लावा.