‘कर्नेलची मूळ मूल्ये बदलावीतच कशाला?’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नेलचे (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे) स्वॅपिनेस, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवरच्या राखीव जागेत (स्वॅपमध्ये) हलवण्याकडे कर्नेलचा कल किती असावा हे ठरवणारे मूल्य, ६० वरून १० वर आणण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कर्नेलची मूळ मूल्ये जाणकारांनी विचारपूर्वक ठरवलेली असल्याने त्यांत ढवळाढवळ करणे हा आगाऊपणा आहे, हा पहिला; आणि कर्नेलची मूल्ये नोंदवण्याच्या सिससीटीएल.कॉन्फ या फाइलीत एक ओळ टाकून भागत असताना मी वेगळी फाइल करायला सांगून उगाच गुंता वाढवला, हा दुसरा.

मूल्ये विचारपूर्वक ठरवली जातात हे खरेच आहे, पण तो विचार करताना आपले यंत्र कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. घरातल्या राउटरपासून डेटाबेसच्या सर्व्हरपर्यंत सर्वांना निभावून नेता येईल असा आकडा निवडावा लागतो. शिवाय तो कायमचाही नसतो. स्वीकारल्या जाण्याची वाट पाहणाऱ्या नेटवर्क जोडण्यांच्या रांगेची मर्यादा ठरवणारे सोमॅक्सकॉन अनेक वर्षे १२८ होते, ते २०१९ मध्ये ५.४ या आवृत्तीत ४०९६ झाले. त्यापूर्वी गर्दीच्या वेब सर्व्हरवर हाच आकडा हाताने वाढवणारे प्रशासक आगाऊ ठरत असतील, तर कर्नेल लिहिणाऱ्यांनाही त्याच पंक्तीला बसवावे लागेल. फेडोरा या लिनक्स वितरणानेही ३९ व्या आवृत्तीत मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रोग्रॅमला मेमरीचे किती वेगवेगळे भाग वापरता येतील ही मर्यादा) ६५५३० वरून १०४८५७६ केले, कारण विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमार्फत चालणारे काही विंडोज खेळ त्या मर्यादेवर आपटून बंद पडत होते.

आपला राग इंटरनेटवरून उचललेल्या नुसख्यांवर असेल, तर मी आपल्याच बाजूने आहे. ‘सर्व्हर वेगवान करा’ छापाच्या याद्यांमध्ये टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल (संपलेल्या जोडण्या लवकर मोकळ्या करण्याची सोय) चालू करण्याचा सल्ला वर्षानुवर्षे फिरत होता. ते चालू केले की कर्नेल समोरच्या प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टँप (वेळेची खूण) लक्षात ठेवी आणि त्याहून जुना टाइमस्टँप घेऊन आलेली नवी जोडणी मुकाट टाकून देई. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक फोन आणि संगणक असले की प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. साहजिकच एकाच कार्यालयातल्या एकाला संकेतस्थळ दिसे, शेजारच्याला दिसत नसे, आणि सर्व्हरच्या नोंदींत त्याचा मागमूसही नसे. अखेर २०१७ मध्ये, ४.१२ या आवृत्तीत, ही सोयच काढून टाकण्यात आली.

स्वॅपिनेसचे १० देखील असेच डोळे मिटून उचलू नये. स्वॅपिनेस म्हणजे मेमरी किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होईल याची मर्यादा नव्हे. मेमरी मोकळी करताना प्रोग्रॅमची पाने (मेमरीचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये ढकलणे आणि फाइलींची कॅशमधली पाने सोडून देणे यांत कशाचा खर्च किती धरायचा, एवढेच ते सांगते. फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप महाग पडतो, म्हणून तिथे १०. झेडरॅम (मेमरीतच दाबून ठेवलेला स्वॅप) वापरणाऱ्याने उलट १०० च्या वर जावे. त्यासाठीच २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत कमाल मर्यादा २०० करण्यात आली.

आता फाइलीबद्दल. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १३ व्या आवृत्तीपासून सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारी) यंत्रणा ईटीसी फोल्डरमधील सिससीटीएल.कॉन्फ वाचतच नाही, त्यामुळे आपली ती एक ओळ तिथे सुखाने पडून राहील आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर मूल्य ६०च दिसेल. सिससीटीएल.डी या फोल्डरमधील फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची फाइल आधीचीवर मात करते, म्हणून मी नावाच्या सुरुवातीला ९९ लावायला सांगितले. त्याच फाइलीत मूल्य का बदलले याची एक ओळ टिप्पणी म्हणून लिहावी. मूळ मूल्याकडे परतायचे ठरले, तर ती फाइल काढून यंत्र पुन्हा सुरू केले की झाले.