अकाउंट्सवाल्याला फायनान्समध्ये कोण विचारते म्हणे!

दारव्ह्याला बी.कॉम. करणाऱ्या पुतण्याने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “काका, कॉलेज सोडू का?” म्हणून हे लिहितोय. मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: अकाउंटंट फक्त टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदी करतो, फायनान्सला इंजिनिअर नाहीतर एमबीए लागतो, अकाउंट्स मागचं सांगतं, फायनान्स पुढचं बघतं, तेव्हा डिग्री सोडा, आमचा ऑप्शन ट्रेडिंगचा (म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल यावरच्या सौद्यांचा) कोर्स लावा.

इंजिनिअर-एमबीएचं आधी उरकतो. एचडीएफसीचे अध्यक्ष राहिलेले दीपक पारेख, एचडीएफसी बँक उभी करणारे आदित्य पुरी, शेअर बाजारातले बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला. तिघंही चार्टर्ड अकाउंटंट. झालं.

टॅलीचं म्हणाल तर नोंदी करणं वेगळं, त्या वाचणं वेगळं. आपल्याकडची जिनिंग घ्या. दिवाळीनंतर मालक कापूस घेतो, कास्तकाराला पैसे चुकवतो. गाठी गोदामात पडून, विकल्या त्या उधारीवर. नफातोटा पत्रकात नफा, इकडे सीसी (बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या उचलीची मर्यादा) पूर्ण उचललेली! बँकेत कर्जाची फाइल तपासणारा हेच हुडकतो: नफा झाला तर पैसा आहे कुठं? स्टॉकात, उधारीत, की नुसता कागदावर? सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड मुळात नव्हतीच, हे जानेवारी २००९ मध्ये खुद्द अध्यक्षांनी कबूल केलं. (ऑडिटरही तेव्हा झोपलेच होते, ते नाकारत नाही.)

मागचं-पुढचं यात थोडं तथ्य आहे. गाइड पाठ करून पास झालेल्याला कंपनीचं मूल्यांकन जमत नाही. संख्याशास्त्र, एक्सेल वेगळं शिकावंच लागतं. पण पुढचा अंदाज बांधणार कशावर? मागच्या ताळेबंदांवरच ना?

खरी चीड येते ती कोर्सची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे (असेच पुढच्या भावावरचे) सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. कोरडवाहू कास्तकाराच्या घरात दोन लाख एकरकमी कधी दिसतात का, भाऊ? आणि अशा धंद्यासाठी पोरांनी डिग्री सोडायची! शिकवणाऱ्याची फी मात्र आगाऊ. हा हिशेब त्याला बरोबर जमतो.

ज्यांच्या पोरांना हा मेसेज आला असेल त्यांनी कोर्सवाल्याकडे त्याच्या तीन वर्षांच्या आयकर रिटर्नची प्रत मागावी. कमाई ट्रेडिंगची किती आणि फीची किती, ते बघून मग बोलू.