वाद्य शिकणाऱ्याने गायलंच पाहिजे

वाद्य शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: बासरी, सतार, व्हायोलिन शिकायचं तर गाण्यात वेळ दवडू नका. कान ऐकून ऐकून तयार होतो. सूर लागला की नाही ते मोबाइलवरचा ट्यूनर सांगतो. गळा नसलेल्याने गायलं तर कान उलट बिघडतो. आणि मोठे वादक कुठे गातात? यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे नवख्यांचं नुकसान करणारे आहेत.

‘ऐकून कान तयार होतो.’ भरपूर ऐकायला हवंच. पण ऐकताना स्वर बाहेरून येतो आणि आपण तो ओळखतो. गाताना तो येण्याआधी मनात असावा लागतो. वादकाला हे दुसरं लागतं. सतारीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना तार किती ओढायची हे पडदा सांगत नाही. व्हायोलिनला तर पडदेच नाहीत. बासरीत फुंकीचा कोन जरा बदलला तरी स्वर हलतो. जिथे पोचायचं तो स्वर आधी ठाऊक नसेल, तर हात अंदाजाने जातो आणि मग दुरुस्ती करत बसतो.

यमन राग चटकन ओळखणाऱ्या अनेकांना आत्ता ऐकलेली संगती, म्हणजे स्वरांचा छोटा तुकडा, गंधारावर (ग) थांबली की ऋषभावर (रे), हे सांगता येत नाही. त्यांनी असं करावं: चार ते सहा स्वरांची एक संगती ऐकायची, रेकॉर्डिंग थांबवायचं, आवाज न करता ती मनात म्हणायची, मग आकारात (नुसत्या ‘आ’ने) गायची, मग सरगम लावून. वाद्य हातात घ्यायचं ते यानंतर. क्रम उलटा केला की बोटं चाचपडत स्वर शोधतात, कान फक्त होकार देतो, आणि मेहनत बोटांची होते.

‘ट्यूनर आहे ना.’ हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो, आणि घोळही इथेच सर्वांत मोठा आहे. ट्यूनर स्वर लागून गेल्यावर सांगतो, तेही डोळ्यांना. शिवाय बहुतेक ट्यूनर हार्मोनियमप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग धरतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप). या हिशेबात शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या (सा) तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो साधारण ३८६ सेंटचा, म्हणजे १४ सेंट खाली. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तिथे कुणाची तक्रार नसते. ट्यूनरचा काटा मधोमध आणून गंधार पक्का केलेला विद्यार्थी तानपुऱ्यासोबत चढा वाजवतो, आणि काटा बरोबर दाखवतो म्हणून त्याला ते पटतही नाही. ट्यूनरने तानपुऱ्याचा षड्ज पट्टीत आहे की नाही ते जरूर पाहा, नंतर तो बाजूला ठेवा.

त्याजागी तानपुऱ्यासमोर बसा. ॲपमधला तानपुराही चालेल, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नको, त्यातून खर्ज नीट येत नाही. पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, गळ्याला सोसेल ती (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून तिला नाव देतात): पुरुषांना बहुधा काळी एक ते काळी दोन, स्त्रियांना काळी चार ते काळी पाच. पहिली पाच मिनिटं फक्त षड्ज. आवाज मुद्दाम थोडा खाली लावून अगदी सावकाश वर न्या. जुळण्याच्या अलीकडे आवाजात थरथर जाणवेल, जवळ गेलात की ती मंदावेल, जुळलं की थांबेल. सुरांत दर सेकंदाला २ कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात, इतका हा हिशेब सरळ आहे. मग पंचम, मग गंधार. खर्जातला गंधार तार सप्तकात ऐकू येतो, आपण त्याच्या खालच्या सप्तकातला लावायचा. हा गंधार सापडायला काहींना आठवडे लागतात. घाई करू नये.

‘बेसूर गाऊन कान बिघडतो.’ हाच तो अर्धा खरा मुद्दा. आधाराशिवाय रोज चुकीचा स्वर घोटला तर तोच अंगवळणी पडतो. पण उपाय गाणं सोडणं हा नव्हे. बिघडतं कुठे ते बघा. आवाज इतका मोठा लावला जातो की तानपुरा ऐकूच येत नाही. श्वास संपत आला की स्वर खाली घसरतो. तिथे ओढत न बसता श्वास घ्यावा. प्रत्येक स्वरासोबत पेटीची पट्टी दाबली तर गळा पट्टीच्या मागे जातो, स्वतः काही ठरवत नाही. आधी गा, मग पट्टी दाबून ताडून पाहा, तेही षड्ज-पंचमापुरतं. आणि आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येत असल्याने रेकॉर्ड करून ऐकणं भागच आहे.

‘गळाच नाही.’ गोड गळा इथे कुणी मागितलेला नाही. मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पंचमापासून मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंत आठ स्वर पुरतात, गुणगुणलं तरी चालतं. षड्ज अजिबात जुळत नसेल तर शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या तोंडून निघेल त्या स्वराला षड्ज मानून आपला आवाज तिथे न्यावा. जुळलेला सूर कसा वाटतो हे एकदा कळलं की पुढे अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकता येतं. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांकडून वरचे स्वर ओढून घेऊ नयेत.

राहता राहिले मोठे वादक. अन्नपूर्णादेवी सूरबहार (सतारीसारखं, पण खालच्या सुराचं वाद्य) वाजवत, पण शिष्यांना गाऊन शिकवत. एन. राजम यांनी व्हायोलिनवरची गायकी, म्हणजे गाण्यासारखं वाजवण्याची शैली, घडवली ती गायक ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून. विलायत खाँ तर मैफलीत सतार थांबवून बंदिश गाऊन दाखवत. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. तबल्यातसुद्धा बोल आधी तोंडाने पढायचे आणि मग हाताने वाजवायचे, अशीच तालीम चालते. पढंत अडखळली तर हात कुठे अडखळणार तेही तिथेच कळतं.